थिओडोर हर्झल यांच्या वह्या

मोठ्या माणसाचे सार्वजनिक भाषण आणि त्याची खाजगी वही एकाच हाताने लिहिलेली असतात. तरी त्या दोहोंतून दिसणारा माणूस पुष्कळदा वेगळा असतो. भाषणात त्याला शंका दाखवून चालत नाही. वहीत मात्र तो आपले भय, आपला अहंकार, आपली लाज आणि आपली वेडी स्वप्ने लिहून ठेवतो. ज्यू लोकांच्या राष्ट्रीय चळवळीला संघटित रूप देणारे डॉ. थिओडोर हर्झल यांनी आयुष्याची शेवटची नऊ वर्षे अशा वह्या सातत्याने लिहिल्या. आपण कोण, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी एका विखुरलेल्या समाजाला दिले. स्वतःच्या बाबतीत मात्र तोच प्रश्न त्यांना अखेरपर्यंत सोडवत राहावा लागला. त्यांचे चरित्र या वह्यांच्या अंगाने वाचले, म्हणजे त्या माणसाचे मोठेपण आणि त्याची किंमत ही दोन्ही आपल्या ध्यानात येतात.

ज्यू समाज आपणा मराठी स्त्रियांना अगदीच परका नाही. कोकणात अलिबाग, पेण, रेवदंडा या भागांत बेने इस्राएल लोक कित्येक पिढ्या राहिले. त्यांचा धंदा तेल गाळण्याचा. शनिवार हा त्यांच्या विश्रांतीचा दिवस असल्याने त्या दिवशी त्यांचे घाणे बंद असत, म्हणून शेजारीपाजारी त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची आडनावे पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी गावांवरून पडलेली. त्यांच्या स्त्रिया आपल्यासारख्याच लुगडे नेसत, घरात मराठी बोलत, आणि त्यांच्यात मराठी कीर्तनेदेखील होत. ज्यू असणे आणि मराठी असणे यांत त्यांना कोणी निवड करावयास लावली नाही. युरोपात मात्र तीच निवड ज्यू माणसापुढे घडोघडी उभी राही. हर्झल यांच्या मनाची ओढाताण समजावयाची तर हा फरक आधी लक्षात घ्यावा लागतो.

हर्झल यांचा जन्म 2 मे 1860 रोजी हंगेरीतील पेस्ट शहरी झाला. पुढे बुडा आणि पेस्ट ही गावे एक होऊन आजचे बुडापेस्ट झाले. वडील याकोब हे व्यापारी, आई जानेट ही सुखवस्तू घरातली, जर्मन साहित्याची भोक्ती. घर ज्यूंच्या मोठ्या प्रार्थनामंदिराच्या शेजारीच होते. परंतु घरातले वळण जर्मन. मुलाने गटे आणि शिलर वाचावेत, उत्तम जर्मन लिहावे, ही आईची हौस. तेराव्या वर्षी ज्यू मुलाचा जो धार्मिक संस्कार होतो, तो घरात झाला. पण त्याच्या निमंत्रणपत्रिकेत ख्रिस्ती लोकांच्या संस्काराचे नाव वापरले होते. आपल्याकडे मुंजीच्या पत्रिकेवर दुसऱ्याच धर्माच्या विधीचे नाव छापावे, तसा हा प्रकार. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. त्या काळच्या सुशिक्षित ज्यू घराण्यांची रीतच तशी पडत चालली होती. ज्यूपण नाकारावयाचे नाही, पण ते चारचौघांत फार दिसूही द्यावयाचे नाही.

थिओडोरला पॉलिना नावाची एका वर्षाने मोठी बहीण होती. भावंडांचा परस्परांवर फार जीव. 1878 च्या फेब्रुवारीत ती आजारी पडली आणि थोड्याच दिवसांत गेली. आईबापांना ते शहर खायला उठले, आणि महिना लोटतो न लोटतो तोच कुटुंबाने व्हिएन्नाची वाट धरली. थिओडोरने पुढे आपल्या पहिल्या मुलीला पॉलिना हेच नाव दिले. एकुलता एक उरलेला मुलगा आणि त्याची आई यांचे नाते त्या दिवसापासून फारच घट्ट झाले. त्याची झळ पुढे सुनेला कशी लागली, ते ओघाने येईलच.

व्हिएन्नाच्या विद्यापीठात थिओडोर कायदा शिकू लागला. रंगीत टोप्या घालणाऱ्या, तलवारीचे द्वंद्व खेळणाऱ्या, जर्मन राष्ट्राभिमान मिरवणाऱ्या ‘आल्बिया’ नावाच्या विद्यार्थिसंघात तो 1881 मध्ये दाखल झाला. आपण जर्मनच आहोत, या भावनेत त्याला तेव्हा काहीच विसंगत वाटत नव्हते. मात्र त्याच सुमारास, 1882 मध्ये, ऑयगेन ड्युरिंग या लेखकाचे ज्यूद्वेषाने भरलेले पुस्तक त्याच्या वाचनात आले. वाचलेल्या पुस्तकांवर टिपणे लिहिण्याची त्याला सवय होती. त्या पुस्तकावरचे टिपण संतापाने भरलेले आहे. विद्वान म्हणवणारा माणूस असे लिहितो, मग अडाणी जमावाकडून काय अपेक्षा करावी, असा त्याचा सूर. मार्च 1883 मध्ये संगीतकार वाग्नर याच्या स्मरणार्थ विद्यार्थ्यांनी मेळावा भरवला आणि त्याचे पर्यवसान ज्यूविरोधी घोषणांत झाले. मेळाव्याला आल्बियाचाही पाठिंबा होता, हे कळताच थिओडोरने राजीनामा पाठवून दिला. चमत्कार असा, की वाग्नरच्या संगीतावरचे त्याचे प्रेम तसेच राहिले. पुढे चळवळीचा पहिला आराखडा लिहितानाही तो संध्याकाळी थकवा घालवण्यासाठी वाग्नरचीच संगीतिका ऐकायला जाई.

1884 मध्ये हर्झल डॉक्टर ऑफ लॉ झाले. काही काळ व्हिएन्ना आणि साल्झबुर्ग येथील न्यायालयांत त्यांनी उमेदवारी केली. पण ज्यू माणसाला न्यायाधीशाच्या खुर्चीपर्यंत पोहोचणे कठीण, हे त्यांना दिसत होते, आणि मनाचा ओढा तर लेखनाकडे. त्यांनी नाटके लिहिली, ललित स्फुटे लिहिली आणि नाव मिळवले. 25 जून 1889 रोजी युली नाशाउअर या श्रीमंत घरच्या तरुणीशी त्यांचा विवाह झाला. पॉलिना, हान्स आणि ट्रूडे अशी तीन मुले झाली. संसार मात्र जमला नाही. लग्नानंतर थोड्याच अवधीत घटस्फोटाची भाषा निघण्यापर्यंत पाळी आली होती. ऑक्टोबर 1891 मध्ये ‘नोये फ्राये प्रेसे’ या व्हिएन्नाच्या अग्रगण्य वृत्तपत्राने त्यांना पॅरिसला वार्ताहर म्हणून नेमले.

फ्रान्स म्हणजे समतेची घोषणा करणारा देश. तेथेही ज्यूद्वेषाची पत्रके खपताना पाहून हर्झल अस्वस्थ झाले. या रोगावर उपाय काय, याचा ते विचार करू लागले. 1893 च्या सुमारास त्यांना जे उपाय सुचले, ते त्यांनी पुढे आपल्या रोजनिशीत प्रामाणिकपणे नोंदवले आहेत, आणि ते वाचून आजचा वाचक चकित होतो. एक उपाय असा, की ज्यूद्वेषाच्या पुढाऱ्यांना द्वंद्वाचे आव्हान द्यावे. मेलो तर जगाला अन्याय दिसेल, जिंकलो तर न्यायालयात भाषण करता येईल. दुसरा उपाय त्याहून विलक्षण. पोपशी बोलणी करावीत आणि ऑस्ट्रियातल्या ज्यूंनी सामुदायिक रीतीने ख्रिस्ती व्हावे. रविवारी भर दुपारी, घंटांच्या नादात, ताठ मानेने मिरवणूक काढून मुले व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन देवळात जातील. हर्झल आणि त्यांच्या पिढीचे पुढारी मात्र त्यांना उंबरठ्यापर्यंत पोहोचवून बाहेर थांबतील आणि मरेपर्यंत ज्यूच राहतील. वृत्तपत्राच्या संपादकांनी ही कल्पना झटकून टाकली.

भगिनींनो, त्या उंबरठ्यावर थांबलेल्या बापाचे चित्र नजरेपुढे आणा. मुलांना आपले दुःख वारसा म्हणून मिळू नये, म्हणून तो त्यांना आत ढकलतो. स्वतः आत गेलो तर आपल्या पूर्वजांशी बेइमानी होईल, म्हणून बाहेर राहतो. हर्झल यांच्या जिवाची सारी ओढाताण त्या एका कल्पनेत आलेली आहे. पुढे अवघ्या दोन वर्षांत त्यांनी नेमका उलटा मार्ग सांगितला, तरी तो उंबरठा त्यांच्या मनातून गेला नाही.

या परिवर्तनाचे कारण म्हणून ड्रायफस खटल्याचे नाव सर्वत्र घेतले जाते. फ्रेंच सैन्यातील कॅप्टन आल्फ्रेड ड्रायफस या ज्यू अधिकाऱ्यावर हेरगिरीचा खोटा आरोप आला. डिसेंबर 1894 मध्ये त्याला शिक्षा झाली आणि 5 जानेवारी 1895 रोजी सैनिकी शाळेच्या प्रांगणात त्याचे हुद्द्याचे पट्टे उपटून, तलवार मोडून त्याची मानहानी करण्यात आली. हर्झल त्या प्रसंगी वार्ताहर म्हणून हजर होते. या खटल्याने आपल्याला राष्ट्रवादी बनवले, असे त्यांनी स्वतःच 1899 मध्ये लिहिले. परंतु 1895 मधली रोजनिशी उघडली, तर तीत ड्रायफसचा उल्लेख जवळजवळ नाहीच. तीत व्हिएन्ना आहे, विद्यार्थिदशेपासूनचे सल आहेत, आणि कार्ल लुएगर या ज्यूविरोधी पुढाऱ्याची वाढती लोकप्रियता आहे. सप्टेंबर 1895 च्या निवडणुकीत हर्झल गर्दीत उभे असताना लुएगर तेथे आला. त्यांच्या शेजारच्या माणसाने, आपला नेता हाच, अशा अर्थाचे उद्गार काढले. त्या माणसाच्या आवाजात जी माया होती, तिने हर्झल यांना शिव्याशापांपेक्षा अधिक हादरवले, असे त्यांनी लिहून ठेवले आहे. द्वेष ओसरेल, अशी आशा ठेवता येते. द्वेष करणाऱ्यावर लोक प्रेम करू लागले म्हणजे मात्र आशेला जागा राहत नाही. पुढे 1897 मध्ये हाच लुएगर व्हिएन्नाचा नगराध्यक्ष झाला.

त्यावरून ड्रायफसची कथा खोटी ठरत नाही. माणूस मागे वळून आपल्या आयुष्याची संगती लावतो, तेव्हा शंभर लहान जखमांऐवजी एक मोठा घाव सांगणे त्याला सोपे जाते आणि ऐकणाऱ्यालाही पटते. चळवळीला अशा एका प्रसंगाची गरज होती. वह्यांनी मात्र त्या लहान जखमा जपून ठेवल्या.

मे-जून 1895 मध्ये पॅरिसच्या एका हॉटेलात राहात असताना हर्झल यांनी या वह्यांचा आरंभ केला. 2 जूनला ते बॅरन हिर्श या धनाढ्य ज्यू दानशूराला भेटले. हिर्श यांनी रशियातल्या ज्यूंना अर्जेंटिनात वसवण्यासाठी अफाट पैसा खर्च केला होता. हर्झल यांचे म्हणणे, की दानधर्माने लोक भिकारी होतात. त्यांना राष्ट्र म्हणून उभे करावयास हवे. भेट अर्ध्यावर संपली, आणि त्यानंतर काही आठवडे त्यांना झपाटल्यासारखे झाले. चालताना, जेवताना, रस्त्यात, रात्री अंथरुणात ते चिठोऱ्यांवर लिहीत राहिले. राज्याची घटना, कामाचे तास, सैनिकांचे गणवेष, नाटकगृहे, स्थलांतराच्या आगगाड्या, सारे त्या चिठोऱ्यांत आहे. आपल्याला वेड तर लागले नाही ना, ही शंका स्वतः त्यांनाच आली. एका स्नेह्याला त्यांनी मजकूर वाचून दाखवला, तर तो स्नेही रडू लागला. कल्पनेने हेलावून रडतो आहे, असे हर्झल यांना वाटले. वस्तुतः मित्राचे डोके फिरले, या दुःखाने तो रडत होता. हर्झल इतके खचले, की हा नाद आपण सोडून दिला, असे त्यांनी हिर्श यांना कळवूनही टाकले. काही दिवसांनी पुन्हा लेखणी हाती घेतली.

याच वह्यांत 5 जुलै 1895 ची एक नोंद आहे. आपल्याला दुसरे काही होता आले असते, तर जुन्या प्रशियन सरदार घराण्यातले व्हायला आवडले असते, अशी कबुली त्यांनी तीत दिली आहे. ज्या समाजाने दार लावून घेतले, त्याच समाजाच्या रीतिभाती या माणसाला मनातून हव्या होत्या. स्वतंत्र ज्यू राज्याचे स्वप्न रंगवतानाही त्यांच्या डोळ्यांपुढे व्हिएन्नाचीच नाट्यगृहे आणि कॉफीगृहे, जर्मन शिस्त आणि पांढरे हातमोजे असत. हिब्रू भाषेत आगगाडीचे तिकीट मागता येईल असा माणूस कोण सापडणार, असे त्यांनी छापील पुस्तकातही विचारले. आणि याच वह्यांत त्यांनी आपल्या ज्यू बांधवांबद्दल कधी कधी इतके कडवट लिहिले आहे, की ते एखाद्या ज्यूद्वेष्ट्याच्या लेखणीतून उतरले असावे असे वाटते. तिरस्कार पुष्कळ काळ सोसला, म्हणजे सोसणाऱ्याच्या नजरेतही तो थोडाफार उतरतोच.

24 डिसेंबर 1895 ची गोष्ट तर प्रत्येक आईने वाचण्यासारखी आहे. हर्झल आता व्हिएन्नास परत येऊन त्याच वृत्तपत्राच्या साहित्यविभागाचे संपादक झाले होते. मुलांसाठी ते घरात नाताळच्या झाडावरचे दिवे लावत असताना शहराचे प्रमुख रब्बी मोरित्स ग्युडेमान घरी आले. ज्यूंना स्वतंत्र राष्ट्र हवे म्हणणाऱ्याच्या दिवाणखान्यात ते झाड पाहून रब्बी खट्टू झाले. दडपणाला मी जुमानणार नाही, या झाडाला हवे तर हनुकाच्या सणाचे झाड म्हणा, अशा अर्थाचे हर्झल यांनी वहीत लिहिले आहे. हनुका हा ज्यूंचा दिव्यांचा सण. दोन वर्षांनी, 1897 च्या अखेरीस, त्यांनी एक गोष्ट प्रसिद्ध केली. तिच्यातला ज्यू कलावंत आपल्या धर्मापासून दूर गेलेला असतो. तो मुलांसाठी घरात मेनोरा, म्हणजे फांद्यांचा दिवा आणतो आणि एकेका रात्री एकेक ज्योत वाढवत नेतो. तो कलावंत कोण, हे उघडच आहे. झाडापासून दिव्यापर्यंतचा हा प्रवास त्यांनी लहान मुलांच्या देखत केला. बापाने दोन वर्षांत घराचे वळण बदलले. मुलांच्या मनात मात्र दोन्ही राहून गेले असणार.

14 फेब्रुवारी 1896 रोजी ‘ज्यूंचे राज्य’ ही त्यांची छोटी पुस्तिका व्हिएन्नात प्रसिद्ध झाली. ही कल्पना सर्वस्वी नवी नव्हती. रशियातील डॉ. पिन्स्कर यांनी 1882 मध्येच तसे प्रतिपादन केले होते, आणि झायनवाद हा शब्दही हर्झल यांच्या आधी रूढ होऊ लागला होता. हर्झल यांनी त्या कल्पनेला व्यासपीठ, निधी आणि जगातल्या राजेरजवाड्यांच्या दाराशी जाण्याचे धैर्य दिले. म्युनिकच्या ज्यूंनी विरोध केल्यामुळे पहिली परिषद स्वित्झर्लंडमधील बाझल गावी 29 ते 31 ऑगस्ट 1897 ला भरली. सुमारे दोनशे प्रतिनिधी आले. सर्वांनी समारंभाचा काळा पोशाख आणि पांढरा गळपट्टा घालूनच यावे, असा हर्झल यांचा आग्रह. माक्स नोर्डाऊ यांच्यासारख्या विख्यात लेखकालाही त्यांनी कपडे बदलायला परत पाठवले. गरीब, पिचलेल्या लोकांनी स्वतःला प्रतिष्ठित माणसे म्हणून पाहावे, हा त्यामागचा हेतू. परिषदेच्या आदल्या दिवशी ते प्रार्थनामंदिरात गेले. धर्मग्रंथापुढे हिब्रूत चार शब्द म्हणावयाचे होते. ते शब्द त्यांना पाठ करावे लागले, आणि परिषदेच्या साऱ्या भाषणांपेक्षा त्यांचीच अधिक धास्ती वाटली, असे वही सांगते.

परिषद आटोपल्यावर 3 सप्टेंबरला त्यांनी लिहिले, की आपण बाझलला ज्यूंचे राज्य स्थापन केले आहे. हे मोठ्याने बोललो तर लोक हसतील, पण पाच वर्षांत कदाचित आणि पन्नास वर्षांत खात्रीने ते सर्वांना दिसेल. 29 नोव्हेंबर 1947 रोजी संयुक्त राष्ट्रसंघाने पॅलेस्टाइनच्या फाळणीचा ठराव केला आणि 14 मे 1948 ला इस्राएल राज्याची घोषणा झाली. पन्नास वर्षांचा अंदाज जवळजवळ तंतोतंत ठरला.

परंतु त्या भूमीवर आधीच माणसे राहात होती, आणि याबाबतीतही हर्झल यांची वही आणि त्यांची छापील पुस्तके यांत अंतर आहे. 12 जून 1895 च्या नोंदीत, तेथील गरीब लोकांना आपल्या देशात काम न देता शेजारच्या देशांत काम मिळवून द्यावे आणि गाजावाजा न करता सीमेपार न्यावे, असा विचार त्यांनी टिपला आहे. त्या वेळी भूमी कोणती, हेदेखील त्यांचे ठरलेले नव्हते. अर्जेंटिना की पॅलेस्टाइन, हा प्रश्न खुलाच होता. उलट 1902 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जुनी-नवी भूमी’ या कादंबरीत एक अरब गृहस्थ नव्या समाजाचा मानाचा सभासद आहे, आणि ज्यूंखेरीज इतरांचे हक्क काढून घेऊ पाहणाऱ्या पुढाऱ्याचा निवडणुकीत पराभव होतो. यांतले खरे हर्झल कोणते, असे कोणी विचारील. दोन्ही त्यांचेच. मार्च 1899 मध्ये जेरुसलेमचे माजी नगराध्यक्ष युसुफ झिया अल् खालिदी यांनी त्यांच्यापर्यंत एक पत्र पोहोचवले. ज्यूंच्या भावनेबद्दल आदर दाखवूनही, या भूमीत दुसरे लोक राहतात, ती सोडून द्यावी, अशी त्यांची कळकळीची विनवणी होती. ज्यूंच्या येण्याने सर्वांचीच भरभराट होईल, असे उत्तर हर्झल यांनी पाठवले. त्या सभ्य उत्तराने प्रश्न सुटला नाही. 1948 च्या युद्धात सुमारे सात लाख अरबांना घरदार सोडावे लागले, आणि तेव्हापासून त्या भूमीत दोन्ही बाजूंच्या मातांनी अपार दुःख भोगले आहे. ज्याला स्वतःला घर नसल्याची बोच इतकी तीव्र होती, त्याला दुसऱ्याच्या घराची बोच पुरती जाणवली नाही, हे चरित्रकाराने लपवू नये.

पुढची वर्षे धावपळीत गेली. 1898 मध्ये जर्मन सम्राट दुसरा विल्यम याच्याशी कॉन्स्टँटिनोपल आणि जेरुसलेम येथे भेटी झाल्या. 1901 मध्ये तुर्कस्तानचा सुलतान अब्दुल हमीद भेटला. हाती फारसे काही आले नाही. दिवसभर हर्झल वृत्तपत्राच्या कचेरीत नोकरी करीत, आणि ते वृत्तपत्र त्यांच्या चळवळीबद्दल अक्षरही छापीत नसे. चळवळीसाठी त्यांनी 1897 मध्ये पदरमोड करून ‘दी वेल्ट’ हे साप्ताहिक काढले. नोकरी गेली तर मुलांचे काय, ही चिंता वह्यांतून वारंवार डोकावते. राजवाड्यात सम्राटाशी बोलून आलेला माणूस दुसऱ्या दिवशी मालकापुढे रजेसाठी उभा राही.

एप्रिल 1903 मध्ये रशियातील किशिनेव्ह गावी ज्यूंची कत्तल झाली. तातडीचा आसरा म्हणून ब्रिटिश सरकारने पूर्व आफ्रिकेतील प्रदेश देऊ केला, तो पुढे युगांडा योजना म्हणून ओळखला गेला. ऑगस्टमधल्या सहाव्या परिषदेत त्याची पाहणी करण्याचा ठराव 295 विरुद्ध 178 मतांनी संमत झाला. पण रशियातले प्रतिनिधी सभागृहातून उठून गेले. किशिनेव्हचे प्रतिनिधीदेखील त्यांत होते. गळ्याभोवती दोर आहे आणि तरी हे लोक नकार देतात, याचे हर्झल यांना आश्चर्य वाटले. त्यांच्या लेखी प्रश्न जीव वाचवण्याचा होता. पूर्वेकडच्या त्या गरीब, धार्मिक माणसांच्या लेखी जेरुसलेमखेरीज दुसरे घरच नव्हते. आपण ज्यांचे पुढारी, त्यांच्या मनाचा तळ आपल्याला पूर्ण कळलेला नाही, हे त्यांना त्या दिवशी दिसले असावे. परिषद संपवताना त्यांनी उजवा हात वर करून जेरुसलेमला न विसरण्याची प्राचीन शपथ हिब्रूत उच्चारली. हृदय आधीच कमकुवत झाले होते. 3 जुलै 1904 रोजी एड्लाख येथे, चव्वेचाळिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. व्हिएन्नातल्या अंत्ययात्रेला युरोपभरातून हजारो लोक लोटले. 1949 मध्ये त्यांच्या अस्थी, आईवडिलांच्या अस्थींसह, जेरुसलेमला नेण्यात आल्या, आणि तेथील टेकडीला त्यांचे नाव आहे.

आता त्यांच्या घराविषयी. या वह्यांची पाने हजारांनी भरतील. तीत राजे आहेत, मंत्री आहेत, दलाल आहेत, मुलांची लाडकी नावे आहेत, आईवडील आहेत. पत्नी युली मात्र फार क्वचित दिसते. तिला या चळवळीचे प्रेम नव्हते. तिच्या माहेरून आलेला पैसाही चळवळीच्या खर्चात गेला. सासू आणि नवरा यांच्या जवळिकीत तिला जागा सापडली नाही. चरित्रकारांनी तिला हट्टी, चंचल, आजारी म्हटले आहे. असेलही. पण तिने वही लिहिली असती, तर तीत काय आले असते, याचा विचार आपण स्त्रियांनी तरी करावा. 1907 मध्ये, चाळिशीच्या आतच, ती गेली. तिच्या अस्थींचा पुढे पत्ता लागला नाही, म्हणून पतीच्या शेजारी जेरुसलेमच्या टेकडीवर ती नाही.

मुलांची कहाणी अधिक दुःखाची आहे. हान्सची सुंता जन्मल्यावर झाली नव्हती; बापाच्या मृत्यूनंतर, पंधराव्या वर्षाच्या सुमारास, चळवळीच्या पुढाऱ्यांच्या आग्रहाने ती झाली. तो इंग्लंडमध्ये शिकला. 1924 मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यातही त्याला शांती लाभली नाही, आणि तो पुन्हा ज्यू प्रार्थनामंदिराकडे वळला. बापाने 1893 मध्ये कल्पिलेला तो देवळाचा उंबरठा मुलाने खरोखरच ओलांडला आणि परत फिरला. 1930 मध्ये पॉलिना बोर्दो येथे व्यसनाने खंगून वारली, आणि तिच्या दफनाच्या दिवशी हान्सने स्वतःचा अंत केला. धाकटी ट्रूडे दीर्घकाळ मनोरुग्ण होती; 1943 मध्ये ती नाझींच्या टेरेझिनश्टाट छावणीत मरण पावली. तिचा मुलगा श्टेफान, हर्झल यांचा एकुलता नातू, इंग्लंडला पाठवल्याने वाचला होता. आईबापांच्या अंताची वार्ता कळल्यावर 1946 मध्ये वॉशिंग्टन येथे त्यानेही जीव दिला. ज्याने एका समाजाला घर मिळवून देण्यासाठी देह झिजवला, त्याचा वंश उरला नाही. पॉलिना आणि हान्स यांच्या अस्थी 2006 मध्ये जेरुसलेमला बापाजवळ नेण्यात आल्या.

हर्झल यांच्या वह्या प्रथम 1922-23 मध्ये बर्लिनला छापल्या गेल्या, तेव्हा काही मजकूर गाळला होता. 1960 मध्ये त्यांचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर पाच खंडांत आले. अनुयायांपैकी कित्येकांना आपल्या नेत्याच्या या दुबळ्या बाजू पाहून अवघडल्यासारखे झाले असेल. विरोधकांना त्यांत शस्त्रे सापडली. दोघांनीही आपापल्या सोयीची पाने काढून घेतली. सगळी पाने एकत्र वाचणारास वेगळेच काही दिसते. ज्याला आपण कोण याची उपजत खात्री होती, असा माणूस ही चळवळ उभारू शकला नसता. त्याला तिची निकड भासली नसती. जर्मन म्हणून नाकारलेला, ज्यू म्हणून नीट न वाढलेला, दोन्ही दारांच्या मधे उभा असलेला माणूसच तिसरे दार बांधावयास निघाला. त्याच्या मनातली फट ही त्याच्या सामर्थ्याची जागा होती. त्याच्या चुकाही तिथूनच आल्या.

आपल्या घरातही मुले आज दोन भाषांत, दोन गावांत, दोन वळणांत वाढत आहेत. कोणी शहरात, कोणी परदेशी. आपण नेमके कुठले, हा प्रश्न ती कधी ना कधी विचारणारच. त्या प्रश्नाचे उत्तर आपण घाईने त्यांच्यावर लादू नये आणि प्रश्न विचारला म्हणून रागावूही नये. हर्झल यांनी तो प्रश्न हजारोंच्या सभेत सोडवला. स्वतःच्या जेवणाच्या टेबलापाशी मात्र तो तसाच राहिला, आणि मुलांनी तो एकट्याने सोसला. थोरांची चरित्रे वाचताना त्यांच्या सभेइतकेच त्यांच्या घरातही डोकावून पाहावे. तिथे जे राहून गेले, ते आपल्या घरी राहून जाऊ नये.